सपाटीवर बंद केलेला ट्रॅक्टर

नदीच्या कोरड्या पात्रात चिरंजीवांनी ट्रॅक्टर बंद केला, त्याला कारण सासऱ्यांचा फोन. त्या ट्रॅक्टरचं इंजिन चालू असलं की मांडीला मांडी लावून बसलेल्याचंही बोलणं कळायचं नाही, आणि सासऱ्यांना ‘काय म्हणालात?’ असं तीन-तीनदा विचारणं बरं दिसत नाही. म्हणून त्यांनी इंजिन बंद करायची मूठ ओढली. एकाएकी एवढी शांतता झाली की काठावरची पाखरं दचकून उडाली. सासऱ्यांनी विचारलं, “जेवण झालं का?” चिरंजीव म्हणाले, “झालं.” फोन संपला.

आणि धरणाचा भोंगा वाजला.

भोंगा वाजला की दारं उघडतात, आणि एक माणूस सावकाश जेवून हात धुवेपर्यंत पाणी इथवर येतं. आज पाणी सुटणार म्हणूनच चिरंजीव पात्रात उतरले होते. पाण्याची मोटर काढून ट्रॅक्टरच्या मागे आवळून बांधली होती. आता फक्त काठ चढायचा होता. त्यांनी किल्ली फिरवली. काही झालं नाही. पुन्हा फिरवली. घरघर सोडा, साधं टक्‌ सुद्धा नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हा ट्रॅक्टर चिरंजीवांनी जन्मात स्वतः सुरू केलेला नव्हता. रोज सकाळी वडील, म्हणजे सगळ्या पंचक्रोशीचे थोरले, तो सुरू करूनच त्यांच्या ताब्यात देत. “गरम करून ठेवलाय, बस,” एवढंच म्हणत. मधे तो बंद करायची वेळ चिरंजीवांवर आजवर आलीच नव्हती. संध्याकाळी फाटकातच ताबा परत घेत आणि घरामागच्या टेकाडावर नेऊन लावत. का, तर म्हणे तिथे उभा असला की घराला शोभा येते. चिरंजीवांना वाटायचं, म्हाताऱ्याचा जीव आहे त्याच्यावर.

त्यांनी मिस्त्रीला फोन लावला.

“घाबरायचं नाही,” मिस्त्री म्हणाला. लांब बसलेला माणूस नेहमी असंच म्हणतो. “ट्रॅक्टर सुरू होत नाही म्हणजे दोनच गोष्टी. एक तर इंजिन फिरत नाही, नाहीतर फिरतंय पण डिझेल येत नाही. फिरतंय?”

“नाही.”

“मग डिझेलचं नंतर. आधी बॅटरी बघा.”

चिरंजीवांनी बॅटरीची पेटी उघडली. आत थोरल्यांच्या जुन्या चपला होत्या, एक गंजका विळा होता आणि पिशवीभर कांदे होते.

“मिस्त्री, बॅटरी नाहीये.”

“नीट बघा.”

“बॅटरी म्हणजे काय सुई आहे का नीट बघायला?”

मग घरी फोन गेला. आईने उचलला. “बॅटरी ना? ती माझ्या पंख्याला लावलीय.”

“कधीपासून?”

“तुझं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं तेव्हापासून. का रे?”

थोड्या वेळात स्कूटर आली. पुढे थोरले, त्यांच्या पायांत बॅटरी, मागे आई. “तुम्ही कशाला आलात?” असं चिरंजीवांनी विचारायच्या आत आई म्हणाली, “काम झालं की बॅटरी परत न्यायला.”  थोरल्यांनी बॅटरी पेटीत बसवली, पॉलिश पेपरने तारांची टोकं घासली, फुंकली, पुन्हा घासली. ही बॅटरी जोडून काहीही होणार नाही, हे पात्रातल्या तिघांपैकी फक्त त्यांना ठाऊक होतं. बॅटरी जड होती, पण कबुलीपेक्षा हलकी.

“बाबा, आटपा. पाणी निघालंय.”

“काम नीट करावं माणसानं.”

किल्ली फिरवली. शांतता.

“आता दिवा लावा,” फोनमधून मिस्त्री म्हणाला, “आणि किल्ली फिरवताना दिव्याकडे बघा. दिवा मंदावला तर बॅटरीत दम नाही. तसाच राहिला तर करंट सेल्फपर्यंत, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टरपर्यंत, पोचतच नाहीये.”

“तसाच आहे. लख्ख.”

“मग सेल्फ बघा. इंजिनाच्या बगलेला, लोट्याएवढा असतो.”

चिरंजीव वाळूत आडवे झाले आणि खाली सरकले.  खालून आवाज आला. “मिस्त्री, इथं सेल्फ नाही, डब्याचं झाकण ठोकलंय.”

आई वाकली. “अगं बाई, हे तर माझ्या चहाच्या डब्याचं. सगळं घर पालथं घातलं मी याच्यासाठी.”

थोरले नदीकडे बघत उभे होते.

फोनमध्ये मिस्त्री घसा खाकरला. “थोरले, तो जो सेल्फ तुम्ही माझ्याकडे दुरुस्तीला टाकला होता, तो याचाच का?”

“मग कोणाचा? माझ्याकडे काय दहा ट्रॅक्टर आहेत?”

“तुम्ही म्हणाला होतात, घाई नाही.”

“म्हणून तू दुरुस्ती कधी केलीच नाहीस.”

“पण मग रोज सकाळी हा सुरू कसा होतो?” आईने विचारलं.

थोरले पुटपुटले, “उतारानं.”

चिरंजीवांच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. टेकाडावरून सोडला, गियरमध्ये टाकला, घरंगळता घरंगळता इंजिन पेटलं, की ‘गरम करून ठेवलाय’. थोरले स्वतः लावायचे तेही विहिरीपाशी उतारावर, बाजारात उतारावर, सोयरीक बघायला गेले तेव्हाही पाहुण्यांचं अंगण सोडून पार वरच्या वळणावर लावला होता. उतार हाच या घराचा सेल्फ होता. आणि चिरंजीवांनी तो बंद केला होता सगळ्या शिवारातल्या एकमेव सपाट जागी.

पात्राच्या वळणावर पांढरी रेघ दिसली. फेस, पालापाचोळा आणि मागून पाणी.

काठावर एक लालभडक ट्रॅक्टर केव्हाचा धडधडत उभा होता. त्यावर धाकटे बसले होते, थोरल्यांचे सख्खे भाऊ. दोघांनी ट्रॅक्टर एकाच हंगामात घेतले होते. कोणाचा चांगला, यावरून जो अबोला धरला तो ट्रॅक्टर म्हातारे झाले तरी सुटला नव्हता. धाकटे दरवर्षी आपल्या ट्रॅक्टरला नवा रंग देत, एवढाच फरक. थोरल्यांनी चारचौघांत सांगून ठेवलं होतं, “माझा ट्रॅक्टर त्याच्या साखळीनं हलला, तर त्या दिवसापासून मी त्याला दादा म्हणेन.” सगळ्या शिवाराला हे पाठ होतं. धाकट्यांना तर जास्तच.

“काका, साखळी टाका,” चिरंजीव ओरडले.

“तुझ्या बापाला म्हणू दे.”

“बाबा, म्हणा.”

“पाणी अजून लांब आहे.”

पाणी पुढच्या चाकांना लागलं. आईने पातळ वर खोचलं, बॅटरी पेटीतून काढून कडेवर घेतली, आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की थोरल्यांना पाणी बरं वाटलं.

“सांग त्याला,” थोरले आईला म्हणाले, “ओढ म्हणावं.”

“भावजी, ओढा म्हणतात.”

“वहिनी, आधी दादा म्हणायला सांगा.”

“अहो, आधी दादा म्हणा म्हणतात.”

“वर गेल्यावर म्हणतो. इथं पाण्याच्या आवाजात काय ऐकू येणार त्याला?”

धाकट्यांना हे पटलं. असा क्षण नीट ऐकू यायला हवा. त्यांनी ट्रॅक्टर मागे आणला, चिरंजीवांनी साखळी अडकवली, थोरले आपल्या ट्रॅक्टरवर चढले. क्लच दाबला, तिसरा गियर टाकला, ओढ बसली, क्लच सोडला. चाकं वाळूत फरफटत फिरली, इंजिन कण्हलं, पण पेटलं नाही. पुन्हा. पुन्हा तेच. पाणी पायरीला लागलं आणि धाकट्यांची मागची चाकंही जागच्या जागी फिरायला लागली.

“धूर येतोय का?” मिस्त्रीने विचारलं.

“नाही.”

“इंजिन फिरतंय पण धूर नाही, म्हणजे डिझेल नाही. बंद करायची मूठ परत आत ढकलली का?”

चिरंजीवांनी वडिलांकडे बघितलं. वडिलांनी मुठीकडे. ती सासऱ्यांच्या फोनपासून तशीच बाहेर होती. थोरल्यांनी ती आत ढकलली, क्लच सोडला, आणि काळ्या धुराचा लोट असा उठला की धरणावरच्या माणसाला वाटलं असेल, आगगाडी आली. दोन्ही ट्रॅक्टर पाणी कापत काठ चढले. चिरंजीव मोटरीला लोंबकळत आले, आई बॅटरीसकट चालत.

वर पठार होतं. दोन्ही ट्रॅक्टर शेजारी शेजारी उभे राहिले. मधे साखळी, आणि दोन्ही इंजिनं धडधडत.

थोरल्यांचं तोंड पडलं होतं. शब्द म्हणजे शब्द. त्यांनी ओठ हलवले.

“ऐकू नाही आलं,” धाकटे म्हणाले. “वहिनी, त्याला सांगा, इंजिन बंद करून म्हण.”

“त्याला सांग, ऐकायची हौस त्याला आहे, तर त्यानंच करावं.”

धाकट्यांचा हात मुठीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी समोर बघितलं, मागे बघितलं. सगळीकडे सपाट.

“करा ना भावजी,” आई म्हणाली. “तुमचा तर नव्यासारखा आहे.”

धाकट्यांच्या कपाळावर घाम आला. भोंग्यापासून हा माणूस डिझेल जाळत काठावर का उभा होता, हे कोणी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात चिरंजीवांच्या खिशातून मिस्त्री बोलला. “वर आलात का? बरं झालं. आता दोघांनीही बंद करू नका.”

“दोघांनी?” थोरल्यांनी मान वळवली.

“धाकट्यांचाही सेल्फ माझ्याकडेच आहे ना. ते पण म्हणाले होते, घाई नाही.”

थोरले भावाकडे बघत राहिले. घाईने नाही. तब्येतीने. मग सीटवर मागे रेलले, मांडीवर मांडी टाकली आणि म्हणाले, “हं. मी काहीतरी म्हणणार होतो. कर बंद, म्हणजे म्हणतो.”

दोन्ही इंजिनं धडधडत राहिली. धाकट्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, डिझेलच्या काट्याकडे बघितलं. मग भावाकडे न बघताच, पण वहिनीला मधे न घालता म्हणाले, “दादा, मोठा तू. आधी तू बंद कर.”