गळ्याला हात न्हाई

आमच्या घरात रोज संध्याकाळी टीव्हीवर एक महाशक्तिमान नायिका दहा-दहा गुंडांना लोळवते आणि आमचे शेजारी शिवलिंगअप्पा तिला नापास करतात.

अप्पांनी उभी हयात अहमदपुरात तालीम चालवली. सत्तरी उलटली, कान कुस्त्या खेळून चुरगळलेले, कपाळावर भस्माचे पट्टे. बायको वारलेली. एकुलती लेक महानंदा, तीही गेली. कशानं, ते कुणी सांगत नाही आणि अप्पांना विचारायची कुणाची छाती नाही.

टीव्ही पाहायला ते आमच्याकडे येतात, पण खुर्चीवर बसत नाहीत. कुस्तीतल्या पंचासारखे वाकून थेट पडद्यासमोर उभे राहतात. मागच्यांनी काय पाहायचं, ते ज्याचं त्यानं बघावं.

मी शाळेत शिकवते, म्हणून मला बाई म्हणतात. "बाई, पाय बघा हिचे! जमिनीला हायतच कुठं? जोर पायातून येतो का हवेतून?"

"अप्पा, तिच्या अंगात शक्ती आहे," माझी लेक ऋतुजा म्हणते.

"आली कुठून? हिला कधी जेवताना दाखविलं का? एवढी मारामारी करायली, खुराक काय हिचा?"

नायिकेच्या मोकळ्या केसांवर त्यांचा विशेष राग. "निस्त्या झिंज्या धरल्या तरी खेळ खलास." ट्रकखाली सापडूनही तिच्या ओठाशी रक्ताचा एवढासाच थेंब आणि लिपस्टिक जागच्या जागी, हे पाहून तर ते कोपरापासून हात जोडतात.

खलनायकानं तिचा गळा धरला की मात्र ते ओरडतात, "फाऊल! कुस्तीत गळ्याला हात न्हाई!" आणि अर्धा चहा टाकून तरातरा घरी जातात. आम्ही मायलेकी यावर पोट धरून हसायचो.

यंदा ऋतुजा दहावी झाली. अकरावीला लातूरला, वसतिगृहात जायचं ठरलं. तिनं अप्पांच्या मागे धोशा लावला, "जायच्या आधी मला दोन डाव शिकवा."

"बाईमाणसाचा पाय तालमीतल्या हौद्याच्या मातीला लागत न्हाई. रिवाज हाय."

"मग टीव्हीतल्या बाईला कामून शिकवता?"

"ती खोटी हाय म्हणून."

शेवटी मीच चिडले. "अप्पा, पोरगी तिथं एकटी राहणार. तुमचा रिवाज जाणार आहे का तिच्या सोबतीला?"

परवा मालिकेत पुन्हा तेच. नायिका भिंतीला टेकलेली, गळ्याभोवती पंजा, पाय अधांतरी. या वेळी अप्पा गेले नाहीत.

"हनुवटी खाली घे," ते पडद्याला म्हणाले. "अंगठा धर त्याचा. अंगठा, नंदा! अंगठा!"

ऋतुजानं टीव्ही बंद केला. अप्पा फरशीवरच बसले आणि सांगू लागले.

जावई त्यांनी तालमीतूनच निवडला होता. हाताखालचा सगळ्यात गुणी पठ्ठ्या. "आखाड्यात त्यानं कधी फाऊल केला न्हाई, बाई. म्हणून दिली पोरगी." लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला नंदा माहेरी आली ती गळ्यावर बोटांचे वळ घेऊन. "त्याला बोलावला. झापला. पाया पडला माझ्या, वस्तादाची शपथ घेतली. शपथेवर इसवास ठेवला अन् पोरीला माघारी सासरी लावून दिलं." दिवाळीच्या आत तिच्या मरणाचा निरोप आला. "गावभरच्या पोरांना पकडीतून सुटायला शिकविलं म्या. घरातल्या पोरीला न्हाई."

मला त्यांचा संताप आला आणि कीवही. दोन्ही एकदम. पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

ऋतुजा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "शिकवा, अप्पा."

अप्पा उठले. तिच्या गळ्याकडे हात नेले, पण गळ्याला लावले नाहीत. त्यांनी ते खाली घेतले. "हे माझ्यानं न्हाई व्हायचं."

मग स्वतःचा उजवा पंजा त्यांनी तिच्यापुढे केला.

"हा अंगठा धर. दोन्ही हातानं. आता उलटा मोड."

"तुम्हाला लागेल."

"लागू दे, माय. मोड."