सरासरी डोक्याचं शिरस्त्राण

हौसेराव निकम यांचं डोकं मोठं होतं. ही टीका नव्हे, माहिती आहे. साताऱ्याकडच्या त्यांच्या गावात लग्नाचे फेटे बांधणारा त्यांच्यापाशी आला की कापड पुन्हा मोजून घ्यायचा आणि थोरली मंडळी म्हणायची, "पोराच्या डोक्यात लई मावनार." नेमकं काय मावलं हे गावाला कळायच्या आत हौसेराव नोकरीला लागून जुईनगरला राहायला आले, त्यामुळे गावाचा आदर शाबूत राहिला. त्यांचा स्वतःचाही राहिला.

नव्वदच्या दशकात एकदा त्यांच्या बेलापूरच्या कचेरीत हुकूम निघाला. दुचाकीवरून येणाऱ्या कर्मचाऱ्याने कचेरीने पुरवलेले शिरस्त्राण धारण केल्याशिवाय फाटकातून आत येऊ नये. निवडीसाठी समिती नेमली गेली आणि डोक्याच्या विषयातले ज्येष्ठ म्हणून हौसेराव तिचे अध्यक्ष झाले.

त्यांनी काम मनावर घेतलं. बायकोची, म्हणजे अरुणाबाईंची, शिवणाची टेप घेऊन ते टेबलाटेबलाला हिंडले, सगळ्यांची डोकी मोजली आणि न्यायबुद्धीने त्यांची सरासरी काढली. 'सरासरीमुळे कोणावरही अन्याय होत नाही,' असा शेरा मारताना त्यांना स्वतःचा फार अभिमान वाटला. त्या एकाच मापाची शिरस्त्राणं मागवण्यात आली.

ती सर्वांना मिळाली आणि कोणालाही बसली नाहीत. शिपाई पोपटने मान वळवली तरी त्याचं शिरस्त्राण समोरच बघत राहायचं. हौसेरावांच्या डोक्यावर ते पाण्याच्या टाकीवर कबुतर बसावं तसं बसलं. पट्टा हनुवटीपर्यंत पोचेना, म्हणून त्यांनी परकराच्या नाडीचा जोड दिला.

"निकमसाहेब, हे हेल्मेट नाय, प्रसाद हाय," भांडार विभागातला सुगत म्हणाला. "डोक्याला नुसता लावायचा."

हौसेराव प्रियदर्शिनी मॅडमकडे गेले. मॅडम कचेरीच्या प्रमुख. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "माप मंजूर आहे, निकम. प्रश्न डोक्यांचा दिसतोय, आणि डोकी आपल्या अखत्यारीत येत नाहीत."

हे हौसेरावांना पटलं. वरिष्ठांचं लगेच पटणं, हा त्या मोठ्या डोक्याचा खास गुण होता.

सुगतला मात्र पटलं नाही. त्याने वाशीच्या दुकानातून स्वतःच्या मापाचं हेल्मेट आणलं. दुसऱ्या दिवशी फाटकावर त्याला अडवलं गेलं आणि समितीच्या अध्यक्षांना त्याला मेमो द्यावा लागला. 'आपले शिरस्त्राण आपल्या डोक्यास व्यवस्थित बसत असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी खुलासा करावा.'

"काय खुलासा करू?" सुगतने विचारलं. "माझं डोकं माझ्याच मापाचं हाय, एवढंच."

"आरं, मलाबी पटतंय," हौसेराव हळूच म्हणाले. "पन सही माझी हाय ना."

सुगतने मेमोची घडी करून खिशात घातली. तेव्हापासून तो बसने यायला लागला आणि हौसेरावांबरोबरचा चहाही त्याने बंद केला. हे हौसेरावांना नाडीपेक्षा जास्त काचलं.

मग एका सकाळी करावे गावाजवळ सांडलेल्या रेतीवरून त्यांची मोटारसायकल घसरली. नाडी तुटली. शिरस्त्राणाने हौसेरावांच्या आधी उडी मारली आणि ते गवतावर जाऊन सुखरूप विसावलं. हौसेराव रस्त्यावर पडले. कपाळाला टाके घालावे लागले.

कचेरीने चौकशी केली. शिरस्त्राणावर साधा ओरखडाही नव्हता, तेव्हा त्याचा दर्जा उत्कृष्ट ठरला. तसं प्रमाणपत्र समितीच्या अध्यक्षांनी पट्टी बांधलेल्या अवस्थेत सही करून दिलं.

दवाखान्यात सगळ्यात आधी सुगतच धावत आला होता. अरुणाबाई त्याला म्हणाल्या, "भाऊजी, यांना त्या दुकानात न्या. कचेरीची डोकी खूप मोजून झाली, आता यांचं एक मोजू द्या."

टाके निघाल्यावर दोघं वाशीला गेले. दुकानदाराने एकामागून एक हेल्मेटं काढली. शेवटी एक गालाला घट्ट, पण कपाळाला न रुतता बसलं. सुगतने ते दोन्ही हातांनी धरून हलवलं, तेव्हा हौसेरावांची मानही त्याबरोबर हलली. पट्टा हनुवटीखाली नीट लागला.

"दुखतंय काय कुठं?"

"नाय रं," हौसेराव आतून म्हणाले. "सुगत, तो मेमो..."

"सोडा ना, साहेब. चला, चहा मारू."

मॅडमनी दोघांनाही 'विशेष बाब' म्हणून परवानगी दिली. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती.

पण रविवारी हौसेराव मटण आणायला निघाले. किक मारली आणि नवं हेल्मेट कोपरात अडकवलं.

"अहो, आता तर बसतंय ना?" अरुणाबाई गॅलरीतून ओरडल्या.

"बसतंय की. पन घाम येतो. केस चपटे हुतात." आणि मग ते असं काही म्हणाले, ज्यावर कुठल्याही समितीला तोड सापडलेली नाही. "आनि जवळच तर जायचंय."

कचेरीचं होतं तोवर दोष मापाला देता येत होता. आता दोष द्यायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी अंतराला दिला.

तुम्ही हसलात, बरं वाटलं. आता खाली दूध आणायला गाडी काढाल, तेव्हा तुमचं हेल्मेट कुठे असेल ते आम्ही विचारत नाही. तुम्हालाही जवळच जायचं असेल.