व्यंकटरावांची शांतता आणि उघडा नळ

व्यंकटरावांना शांतता हवी होती, आणि ती त्यांना ताबडतोब हवी होती. वाळूजच्या कारखान्यात यंत्रांच्या खडखडाटात उमेदीची सगळी वर्षं घालवलेला माणूस. निवृत्त होऊन घरी बसल्यावर त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं की उस्मानपुऱ्यातल्या आपल्या गल्लीतही आवाज असतो. शेजारी कडूबाची पिठाची गिरणी. समोर आवडाबाई, ज्या घरातल्यांशी बोलल्या की आज त्यांच्याकडे भाजी कसली आहे ते शहराच्या टोकाला छावणीपर्यंत कळायचं. रिक्षावाले वळणावर हॉर्न वाजवत, आणि वळण नसलं तरी वाजवत.

शांतता मिळेपर्यंत शांत बसायला मात्र ते तयार नव्हते. त्यांनी पंख्यांना तेल दिलं, चालू घड्याळ उघडून बंद पाडलं, दाराला सराफाच्या दुकानाला शोभेल असं कुलूप आणलं आणि अंगणात नवी चकचकीत फरशी बसवून घेतली. घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी घरच बदलायचं ठरवलं.

"उमा, समुद्र तुलाच हवा होता ना?"

उमा भाकरी थापत होती. समुद्राचं ती लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत बोलली होती, आणि तेव्हा व्यंकटरावांनी तिला पैठणच्या धरणावर नेऊन "हा काय कमी मोठाय?" असं विचारलं होतं. त्यानंतर तिने तो विषय काढला नव्हता.

"आता इतक्या वर्षांनी?"

"आता वेळ आहे. किनाऱ्यावरचं एखादं निवांत गाव बघायचं. मुंबईजवळ."

मुंबईजवळ, कारण तिथे मुलगा मंदार आणि सून हिमानी राहत होते. पुढचे काही दिवस व्यंकटराव जेवणाच्या टेबलावर मोबाईलमधला नकाशा बोटांनी ताणत बसले. एका गावाला शनिवार-रविवारी मुंबईकर येतात म्हणून ते बाद. दुसऱ्या गावात हिमानीच्या आईचं घर निघालं, ते तर बघायच्या आधीच बाद. गाव असं हवं होतं, की मंदारला न येण्याची सबब राहू नये आणि यांना न जाण्याची सबब राहावी. शेवटी अलिबागच्या पुढचं नारंगखार नावाचं टिकलीएवढं गाव पसंत पडलं.

"बाबा, तिथं दवाखाना आहे का?" मंदारने फोनवर विचारलं.

"शांत गावात माणसं आजारी पडत नाहीत."

"आणि पडली तर?"

"तर शांतपणे पडतात. तू फोन ठेव."

ठरलं असं, की महिनाभर तिथे भाड्याने राहून बघायचं आणि मग उस्मानपुऱ्यातलं घर विकायचं. गिऱ्हाईक तयारच होतं. उमा मात्र तयार नव्हती. या घराच्या भिंतीवर मंदारच्या उंचीच्या रेघा होत्या, आणि समोर आवडाबाई होत्या, ज्यांच्याशी ती रोज भांडली नाही तर तिला चुकल्यासारखं व्हायचं. पण नाही कसं म्हणायचं, हेच तिला सुचेना. समुद्र तिनेच मागितला होता.

"गल्लीत कुणाला बोलायचं नाही," व्यंकटरावांनी बजावलं. "ठरण्याआधी बोललं की मोडतं. मंदारकडे चाललो असं सांगायचं. आणि किल्ली कुणाला द्यायची नाही. आवडाबाईंनी दार उघडून बांधलेली खोकी बघितली, तर संध्याकाळपर्यंत शहराच्या पलीकडे गारखेड्याला बातमी."

आजवर हे कुठेही गेले की किल्ली आवडाबाईंकडे असायची. या वेळी रिक्षात बॅगा चढताना आवडाबाई ओट्यावर हात पुढे करून उभ्या राहिल्या, आणि उमाने त्या हातात दोन लाडू ठेवले. आवडाबाईंनी आधी लाडवांकडे बघितलं, मग उमाकडे.

"किल्ली?"

"यांच्या खिशात गेली, बाई. राहू द्या आता."

"राहू द्या तर राहू द्या," आवडाबाई म्हणाल्या, आणि रिक्षा वळेपर्यंत त्यांनी हात काही खाली घेतला नाही.

नारंगखारला व्यंकटरावांना हवी ती शांतता ढीगभर होती. नारळी, वाळू, खालच्या अंगाला कोळ्यांची घरं आणि आशाबाई नावाच्या घरमालकीण. भाड्याच्या घरात नळाला पाणी कायम असायचं. उमाने पोचल्या पोचल्या बादल्या, कळशी, पातेली, शेवटी चहाची किटलीसुद्धा भरून ठेवली. आशाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"अगो बाय, पाणी कुठं पळून चाललंय का?"

"आमच्याकडे पळतं," उमा म्हणाली.

तिसऱ्या दिवशी तिने किटली रिकामी केली. चौथ्या दिवशी ती चहा झाल्यावर किनाऱ्यावर जाऊन बसली आणि जेवायच्या वेळीच उठली. समुद्र तिला काही विचारत नव्हता. भाजी काय करायची, सिलेंडर आलं का, चष्मा कुठं ठेवला, काहीच नाही. आपण काही न करता इतका वेळ बसू शकतो, हे इतक्या वर्षांत तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

व्यंकटराव मात्र तळमळत होते. शांततेत त्यांना झोप येईना. अंगणातले नारळ त्यांनी लहानमोठे निवडून रांगेत लावले. वर्तमानपत्र दुपारी यायचं, म्हणून ते सकाळपासून त्याची वाट बघायचे आणि आल्यावर शिळं आहे म्हणून चिडायचे. आशाबाईंच्या कोंबड्याबद्दल त्यांनी रीतसर तक्रार केली.

"जरा उशिरा आरवेल असं काही करता येईल का?"

"त्यालाच सांगा," आशाबाई म्हणाल्या. "माझं कोण ऐकतंय!"

बुधवारी सकाळी फोन आला.

नारंगखारला मोबाईलची रेंज एकाच ठिकाणी यायची, कोळ्यांनी बोंबील वाळत घातले होते त्या दांडीखाली. व्यंकटराव रोज नाकाला रुमाल लावून तिथे उभे राहत, कुणाचा तरी फोन यावा म्हणून. त्या दिवशी खरंच आला. आवडाबाईंचा मुलगा गोकुळ बोलत होता. हाही वाळूजलाच कामाला, रात्रपाळी करून नुकताच घरी आलेला.

"काका, घरी कोणी हाय का तुमच्या?"

"नाही. आम्ही इथं... मंदारकडे आहोत. का रे?"

"मग तुमच्या दाराखालून पाणी काहून येऊन राह्यलं?"

पाणी शुक्रवारी यायचं होतं, ते दोन दिवस आधीच आलं होतं. उस्मानपुऱ्यात मुलीचं स्थळ हुकलं तर लोक दुसरं बघतात, पण पाणी हुकलं की आठवडा जातो. म्हणून प्रत्येक नळाला कायमचा पाइप जोडलेला. उमाच्या घरी तो मोरीतून थेट स्वयंपाकघरातल्या निळ्या पिंपात सोडलेला होता. पिंप भरलं की पाणी पुढे कुठे जाणार, हा प्रश्न आजवर आलाच नव्हता, कारण शेजारी पहारा द्यायला उमा असायची.

व्यंकटरावांची हाक ऐकून ती किनाऱ्यावरून धावत आली.

"अहो, निघताना नळ बघितला होता ना?"

"मी स्वतः बघितला."

"कसा बघितला?"

"कसा म्हणजे? फिरवून बघितला. थेंब नव्हता."

"आणि मग?"

"मग काय? रिक्षा आली."

कोरडा नळ उघडा आहे की बंद, ते थेंब नाही एवढ्यावरून कळत नाही; उघडलेला नळ परत फिरवावा लागतो. ही गोष्ट त्यांच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. व्यंकटरावांनी रुमाल नाकावरून काढला आणि कपाळ पुसलं.

"गोकुळ!" ते ओरडले. "व्हॉल्व्ह बंद कर! बाहेरचा!"

"कुठंय काका व्हॉल्व्ह?"

"अंगणात, पायरीजवळ... नवीन फरशीखाली."

पलीकडून गोकुळ पाण्यातून छपछपत पायरीकडे गेल्याचा आवाज आला.

"व्हॉल्व्हवर फरशी घातली तुम्ही?"

"आता प्रश्न विचारू नकोस. फोड!"

गोकुळने व्हिडिओ लावला. कडूबा गिरणी बंद करून पहार घेऊन आला होता, त्याच्या भुवयांवर पीठ होतं. गल्लीतल्या बायका कळश्या घेऊन पायरीखाली रांगेने उभ्या होत्या, कारण वाहतं पाणी नुसतं बघत राहायची सवय तिथे कुणालाच नव्हती. व्यंकटराव बोंबलांच्या दांडीखाली उभे राहून हुकूम सोडू लागले.

"तुळशीपासून दुसरी! दुसरी म्हणतोय!"

फरशी फुटली. खाली वाळू.

"मग तिसरी असेल. जरा डावीकडे. माझ्या डावीकडे नाही, तुझ्या!"

तिसरी फुटली. मग त्या दोघींच्या शेजारची. व्हॉल्व्ह काही सापडेना.

"साहेब," कडूबा पहार टेकवून म्हणाला, "अशानं अंगणात विहीर लागंल, व्हॉल्व्ह नाय. दारच उघडू का?"

"कुलूप तोड!"

कडूबाने कुलपावर चार घाव घातले. कुलपाला पोचासुद्धा आला नाही. व्यंकटरावांच्या चेहऱ्यावर त्याही परिस्थितीत थोडा अभिमान उमटला. मग कडूबाने दाराच्या फटीत पहार घालून एक हिसका दिला, आणि कोयंडा लाकडासकट बाहेर आला. कुलूप मात्र त्याला लटकलेलं, शाबूत.

"लई भारी कुलूप हाय साहेब," कडूबा म्हणाला. "असंच दार बी घ्यायचं व्हतं."

एव्हाना इकडे निम्मं नारंगखार दांडीभोवती जमलं होतं. कोळणी टोपल्या खाली ठेवून उभ्या होत्या. आशाबाईंनी कोंबडा काखेत धरला होता, आणि तो बिचारा एक शब्द बोलत नव्हता.

"हाच ना तो," एका कोळणीने विचारलं, "शांतीसाठी आलाय तो?"

"हाच," आशाबाई म्हणाल्या.

फोनवर गोकुळ घरात शिरला. त्याने नळ बंद केला आणि तिकडून ओरडून सांगितलं. व्यंकटरावांनी सुस्कारा सोडला. तेवढ्यात आवडाबाई लुगडं घोट्याच्या वर खोचून आत आल्या आणि बैठकीच्या दारात थांबल्या. बैठकीत सुतळीने बांधलेली खोकी घोटाभर पाण्यात उभी होती. भिंतीवरचे फोटो उतरवलेले होते, नुसते खिळे दिसत होते.

आवडाबाईंनी गोकुळच्या हातातून फोन घेतला. त्यांचा चेहरा पडद्यावर इतका जवळ आला, की नुसतं कुंकू दिसत होतं.

"उमाताई कुठंय?"

व्यंकटरावांनी मुकाट्याने फोन उमाकडे दिला.

"घर सोडून चाललात व्हय, ताई?"

उमाने पदर डोळ्यांना लावला. समोर बोंबील हलत होते.

"अजून ठरलं नाही, आवडाबाई."

"म्हणून किल्ली नाय दिली. लाडू दिले." आवडाबाईंचा आवाज पहिल्यांदाच समोरच्या घरापर्यंतही जाणार नाही इतका खाली आला होता. "मी म्हनलं, माझं काय चुकलं? चार रोज तेच इचार करून राह्यले. परवा भाजी खारट झाली त्याच्यानं."

"तुमचं काही नाही चुकलं हो."

"बरं. ही खोकी वर गच्चीवर नेऊन उन्हात टाकते. कपडे कोणत्या खोक्यात हायेत तेवढं सांगा. आन रडू नका, पाणी लई झालंय आधीच."

फोन बंद झाला. नारंगखार आपापल्या कामाला लागलं. व्यंकटराव मात्र दांडीखालीच येरझाऱ्या घालत होते, आणि उमाला दिसलं, की त्यांचे डोळे चमकत होते. निवृत्तीनंतर इतके टवटवीत ते पहिल्यांदाच दिसत होते.

"मला जायला हवं," ते म्हणाले. "कोयंडा बसवायचा, फरशी उकरून व्हॉल्व्ह शोधायचा. त्या कडूबाला डावं-उजवं कळत नाही. पाइपाला काहीतरी आपोआप बंद होणारं लावता येईल. सगळ्याच गल्लीला लावता येईल! चल, बॅगा भर. दुपारची मुंबईची बोट मिळेल."

"भरते," उमा म्हणाली. तिने बॅग भरली. एकच.

"आणि तुझी?"

"महिना कुठं संपलाय? मी राहते."

"एकटी? इथं? अगं, इथं काही आवाजसुद्धा नाही!"

"हो ना," उमा म्हणाली.

व्यंकटरावांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं पैठणच्या धरणावर तिने त्यांच्याकडे बघितलं होतं. मग ते बोटीकडे गेले.

त्यांचे फोन रोज येऊ लागले. व्हॉल्व्ह सापडला होता, तुळशीच्या अगदी खाली. गिऱ्हाइकाला त्यांनी "घरात ओल आहे" असं सांगून वाटेला लावलं होतं. फोटो पुन्हा खिळ्यांवर चढले होते. नवी किल्ली आवडाबाईंच्या कनवटीला होती, आणि व्यंकटरावांना दुपारचं जेवण त्या ओट्यावरून ओरडून वाढत होत्या. मागे गिरणीचा घरघराट इतका असायचा, की व्यंकटरावांना प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागे.

"झोप कशी लागते?" उमाने विचारलं.

"काय?"

"झोप!"

"गिरणी सुरू झाली की जाग येते. तोपर्यंत गाढ! तुझं काय?"

"कोंबडा आरवला की उठते. मग जरा पडते परत."

मागे आवडाबाई कुणाला तरी कुळथाच्या शेंगोळ्यांवरून झापत होत्या.

"उमा, महिना संपत आला. घर तर आता विकायचं नाही. तू कधी येतेस?"

उमाने दांडीखालून समुद्राकडे बघितलं. ओहोटी होती. आशाबाई लांबवर वाळूत पाय पसरून तिची वाट बघत बसल्या होत्या, काखेत कोंबडा घेऊन.

"पाण्याचा दिवस कधीय?"

"परवा. का गं?"

"मग मी तेरवा येते," उमा म्हणाली.