फुटाण्यावरून माणूस

जुन्या जालन्यात मी भाड्याची खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी माझं गाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही. बशीभर फुटाणे पुढं ठेवले आणि मी कसा खातो ते टक लावून बघत बसले. मी एकेक फुटाणा सोलून तोंडात टाकला.

"खोली तुमची," ते म्हणाले. "सोलून खाणारा माणूस नळ उघडा ठेवत न्हाई."

हे सोपानअण्णा. मूळचे पिंपळगाव रेणुकाईचे. खाली त्यांचं डाळींचं ठोक दुकान, मागं घर, वरती मी. शितावरून भाताची परीक्षा सगळेच करतात. अण्णा फुटाण्यावरून माणसाची करायचे. "गुण एकटा येत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, "बिऱ्हाड घेऊन येतो." सोलून खाणारा वेळेवर येतो, छत्री हरवत नाही आणि वरातीत नाचत नाही. टरफलासकट मूठ तोंडात टाकणारा मोठ्यानं हसतो, लवकर रडतो आणि दिलेला शब्द संध्याकाळपर्यंत विसरतो. दोन खाऊन चार खिशात घालणाऱ्याला तर ते पायरीवरूनच वाटेला लावत. गंमत म्हणजे निम्म्या वेळा त्यांचं खरं निघायचं. उरलेल्या वेळी फुटाणेच सादळलेले असायचे.

हे असंच चाललं असतं, पण अण्णांची एकुलती एक मुलगी, वर्षा, लग्नाची झाली. तिची आई ती लहान असतानाच गेलेली. स्थळ यायचं, पोह्यांच्या आधी फुटाण्यांची बशी यायची आणि स्थळ परत जायचं. मुठीनं खाणारा उधळ्या ठरला. सोलून खाणारा चिकट ठरला.

"अण्णा, मीही सोलूनच खातो की," मी म्हटलं.

"तुम्हाला खोली दिली, पोरगी न्हाई."

मग हसनाबादचा एक मुलगा आला. वर्षा शिकवायची त्याच शाळेत शिकवणारा, तिच्या पसंतीचा. त्यानं बशी बघितली आणि शांतपणे सांगितलं, "मला फुटाणे आवडत नाहीत."

अण्णांच्या शास्त्रात याला जागाच नव्हती. "मंग मानूस वळखायचा कसा?" ते माझ्याकडं बघून म्हणाले. मी छताकडं बघितलं.

वर्षा आतून आली. तिनं बशी वडिलांपुढं सरकवली. "आज तुम्ही खा, अण्णा. आम्ही बघतो."

इतक्या वर्षांत अण्णांना फुटाणे खाताना कुणी बघितलंच नव्हतं. ते कुरकुरत सोलायला लागले. सोललेला फुटाणा बशीच्या कडेला, वर्षाच्या बाजूला. दुसराही तिकडंच, तिसराही. त्यांच्या तोंडात एकही गेला नाही. लहानपणी तिला टरफलानं ठसका लागायचा, तेव्हापासूनची ही सवय.

"हा माणूस कोणत्या बिऱ्हाडातला?" वर्षानं विचारलं.

अण्णांनी हातातलं टरफल खाली ठेवलं. "तू गेल्यावर सोलू कोनासाठी, म्हनून नापास करून राह्यल्तो सगळ्यायला," ते म्हणाले. मग त्या मुलाकडं वळले. "तुम्ही पसंत हायेत. जपा तिला. टरफलानं ठसका लागतो तिला."

लग्न झालं, वर्षा सासरी गेली. एका संध्याकाळी मी खाली उतरलो तर अण्णा दुकानात एकटेच फुटाणे सोलत बसले होते. बशीच्या कडेला ढीग जमला होता.

"घ्या," त्यांनी बशी सरकवली. "सोललेले हायेत."

मी मूठ भरून तोंडात टाकली. मी कसं खातो, हे त्यांनी बघितलंच नाही.