भिंतीला कान लावणारे मिस्त्री

धोंडूमिस्त्रींबद्दल लिहितोय म्हटल्यावर तुम्ही मनात एक म्हातारा उभा केला असेल. झुपकेदार मिशा, तोंडात विडी, मोजकं बोलणं. पुसून टाका. मिशा नव्हत्या, विडीच्या वासानं शिंका यायच्या, आणि आमच्या लोधिवलीत बोलले की पलीकडच्या चौक गावाला ऐकू जायचं.

कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला कान. पाणी नंतर. थापीच्या दांड्यानं टकटक करायचे, डोळे मिटायचे आणि यजमानाला सांगायचे, "पोकळ हाय रं तुजी भिंत. पोरं लांब निजव." भाच्यासाठी खालापुरात मुलगी बघायला गेले, तिथंही तेच. सोयरीक मोडली. मिस्त्री म्हणाले, "मोडू दे. घर तरी नीट करतील."

कोयनेला धरणीकंप झाला त्याच्या पुढच्या वर्षी आम्हा बारा गवंड्यांना पक्कं बांधकाम शिकवायला सरकारनं त्यांना नेमलं. शाळेची नवी खोली बांधता बांधता शिकायचं. आमची जुनी खोड एकच. दगडांच्या दोन रांगा रचायच्या आणि मधे दगडाच्या बारीक चिपा कोंबायच्या. बाहेरून भिंत झकास! मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी मला नि सखारामला पाठीला पाठ लावून उभं केलं आणि मधे हात घालून ढकललं. दोघं दोन दिशांना मातीत. मग आमची कोपरं एकमेकांत अडकवली. पुन्हा ढकललं. हललो नाही.

"ह्ये कोपर म्हंजे आरपार दगड. दर दोन हातांवर पायजे. नायतर धरणी हलली की एक भिंत आत, एक भाईर."

मला नकलांची खाज. मिस्त्रींचा आवाज असा काढायचो की त्यांच्या बायकोनं ओ द्यावी. एका शनिवारी कर्जतला तंबूत सिनेमा होता. यष्टी पाचची, मिस्त्री कचेरीत गेलेले, आणि आरपार दगड अजून घडवायचेच होते. मी भिंतीमागून गरजलो, "ऱ्हाऊ द्या रं आरपार दगड! थर चढवा नि सुटा!" मिस्त्री परत आले असं समजून सगळ्यांनी थर चढवला आणि सुटले.

सोमवारी मिस्त्रींनी नेमका तिथंच कान लावला. टकटक.

"ठणठणीत!"

सुटलो म्हणायचं, तर दुपारी शाळेतली पोरं त्याच भिंतीच्या सावलीत पाठ टेकून भाकऱ्या खायला बसली. मी माझी भाकरी परत बांधून ठेवली. मिस्त्रींना बाजूला घेतलं आणि सगळं ओकलो.

ते ओरडले नाहीत. पहिल्यांदाच हळू बोलले. "दोन वरसं झाली, भिंत काय सांगते ते कानाला कळत नाय. कुणाला बोललो नाय. कान गेलेल्या मिस्त्रीला कोन इचारतो रं? म्हून नुसता लावतो."

मग स्वतःच पहार आणली. तो भाग आम्ही दोघांनी उतरवला, दगड घडवले, बसवले. शेवटचा आरपार दगड बसल्यावर मात्र बाकीच्या अकराही जणांसमोर माझा कान पिळला.

"गाढवा, माजा आवाज काढतोस? काढ, खुशाल काढ! पन आवाज माजा, तर बोलनं पन माजंच पायजे! सांग, दर दोन हातांवर काय पायजे? मोठ्यानं सांग! मला आयकू येत नाय!"