मोरपंखी साडीचा पंचनामा

आमच्या घरमालकीण यमुनामावशी पार्सल उघडायच्या आधी पंच बोलावतात. एक पंच मी, वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. दुसरा कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. आम्ही दोघं ओट्यावर हजर झालो की मावशी कात्री उचलतात आणि मला हुकूम सोडतात, "कर चालू शूटिंग." मग पार्सलच्या सहाही बाजू कॅमेऱ्याला दाखवायच्या. आत चाळणी असो नाहीतर चप्पल, रीत तीच. "पुरावा पायजे. जग लई बेरकी हाय."

सूस गावातली जमीन विकून मावशींनी ही तीन मजली इमारत बांधली. हिंजवडीला कामाला जाणारे आम्ही सहा जण तिथं राहतो. कुणी नळ गळतो म्हटलं, तरी त्या आधी विचारतात, "फोटू काढलायस का?"

मागच्या महिन्यात त्यांनी माझ्या मोबाइलवरून मोरपंखी साडी मागवली. नुसती पसंत करण्यात तीन संध्याकाळी गेल्या. साडी आली, पंच जमले, कात्री चालली आणि आतून निघाली झगझगीत पोपटी साडी.

मावशींनी साडी उलटीपालटी करून पाहिली. मग म्हणाल्या, "ह्यो मोर न्हाई. राघू हाय."

साडी परत करायची तर ॲपवर कारण निवडावं लागत होतं. मी सुचवलं, "'मन बदललं' असं टाकू. लगेच घेतात."

"माजं मन कुटं बदललंय? रंग त्यांनी बदललाय. खोटं लिवायचं न्हाई."

म्हणून फोन लावला. पलीकडची मुलगी हिंदीत म्हणाली, फोटोच्या आणि खऱ्या रंगात थोडा फरक पडू शकतो.

"थोडा?" मावशी कडाडल्या. "बाई, तुमारे उदर मोर और पोपट एकच दिखते क्या?"

चार दिवस असे फोन झाल्यावर मुदतीच्या शेवटच्या दिवशी कंपनीचा माणूस साडी न्यायला आला. त्यानं स्वतःच्या मोबाइलवर फोटो उघडून साडीशेजारी धरला. "मावशी, माझ्या मोबाइलवर तर फोटोतली साडीही हिरवीच दिसतेय. अशी घेता येणार नाही."

आणि खरंच, त्याच्या मोबाइलवर ती हिरवीच दिसत होती! मावशी तडक आत गेल्या. देवघरातलं मोरपीस आणून त्यांनी साडीवर ठेवलं. "आता सांग. ह्यातलं मोरपंखी कंचं?"

त्यानं पिसाकडं पाहिलं, साडीकडं पाहिलं, शेवटी मावशींच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि मुकाट्यानं 'रंग चुकीचा' अशी नोंद करून साडी पिशवीत घातली. चार दिवसांत बदली साडी येईल म्हणाला.

तो गेल्यावर मी म्हटलं, "मावशी, पोपटीही तुम्हाला शोभली असती. एवढा आटापिटा कशाला?"

"मला कुटं नेसायचीय?" त्या ओट्यावर टेकल्या. "ती तारीला द्यायचीय."

तारी म्हणजे समोरच्या घरातल्या त्यांच्या धाकट्या जाऊबाई. नवी घरं बांधताना हातभर जागेवरून दोघींचं वाजलं, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं बंद. आता तारामावशींच्या मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. पत्रिका आली होती, पण दुसऱ्याच्या हातून.

"आमी दोगी नव्या नवऱ्या व्हतो," मावशी सांगू लागल्या. "तिच्याकडं एकच चांगली साडी, मोरपंखी. म्या ती जत्रंला नेसले आन चुलीपाशी पदर जाळला. सासू लई कडक. तारी पुढं झाली, म्हनली, माज्याच हातून जळली. दिवसभर बोलनी खाल्ली तिनं."

दुसरी साडी आली ती मोरपंखीच. त्याच दुपारी मावशी ती घेऊन समोर गेल्या. मी गॅलरीतून पाहत होतो. तारामावशींनी दार उघडलं, साडी उलगडून उन्हात धरली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काठ जरा बारीक हायेत!"

मला वाटलं, पुन्हा जुंपली. पण मावशी आत गेल्या त्या दिवेलागणीलाच बाहेर आल्या.

मी खाली येऊन उभा होतो. "काय म्हणाल्या?"

"रुखवताचं सगळं माज्या गळ्यात मारलंय. करंज्या, लाडू, समदं. लई काम हाय बाबा." पायरी चढता चढता त्या थांबल्या. डोळ्यांना पदर लावून हळूच म्हणाल्या, "त्या जळक्या साडीचं तिनं आजून कुनाला सांगितलं न्हाई बघ. नवऱ्याला बी न्हाई."