वाया न गेलेलं ऊन

लातूरचा शिवकुमार सौरऊर्जेवर बोलायला लागला की त्याला थांबवणं कुणाच्या बापाला जमत नसे. त्याच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे घ्यायला आलेला माणूससुद्धा देशानं कोळसा कधी सोडावा हे ऐकूनच परत जाई. गच्चीवर पॅनेल बसवल्यापासून तर बघायलाच नको. जेवताना त्यानं आईलाही सोडलं नाही.

"आई, डोक्यावर एवढं ऊन फुकटात पडून राहिलंय. त्यातलं चिमूटभर वाया घालवणं म्हणजे पाप हाय, पाप!"

नागम्मांनी भाकरी मोडता मोडता मान हलवली.

मे महिन्यात भर दुपारी व्यापारी संघाची मंडळी ते पॅनेल बघायला आली. बोलावलं त्यानंच होतं, छाती ठोकून. "डोळ्यानं बघा. न्हाई पटलं तर यावर पुन्हा तोंड उघडणार न्हाई!" आयुष्यभराचं गप्प बसणं पणाला लावून बसला होता बिचारा.

सगळे कूलरसमोर बसल्यावर त्यानं ऐटीत मोबाईल उघडला. वीजनिर्मिती शून्य!

"ढग आलं असंल," तो म्हणाला.

संघाचे अध्यक्ष वीरभद्रअप्पा खिडकीतून वाकले. "कुठं? डोळं उघडवत न्हाईत उन्हानं."

पॅनेल बसवणारा रिजवान धावत आला. "शिवभाऊ, वर जाऊन बघू का पैले?"

"येडा हायस का? या टायमाला गच्चीवर? तळपाय भाजतील! मशीन खोल तू."

सूर्याकडे वळा म्हणून जगाला सांगणारा शिवकुमार होळीपासून गच्चीवर फिरकला नव्हता. मशीन खोलायची म्हणून रिजवाननं घराची लाईन बंद केली. कूलर थांबला, पंखा थांबला. ताकाचा दुसरा ग्लास संपेपर्यंत मंडळी घामानं निथळायला लागली.

"इथं शिजण्यापेक्षा वर जाऊन भाजलेलं बरं," असं म्हणत अप्पा उठले आणि जिना चढले. मागोमाग सगळे.

वर नागम्मा छत्री लावून, हातात काठी घेऊन बसल्या होत्या. एकूण एक पॅनेलवर जुनं धोतर अंथरलेलं आणि त्यावर ओळीनं पांढऱ्याशुभ्र कुरडया.

"आई! हे काय करायलीस?"

"ऊन वाया घालवू नको म्हणलास की तूच! अन् गच्ची सगळी तुझ्या पॅनेलनं धरली, मग वाळवण कुठं घालू? इथं मुंगी न्हाई, धूळ न्हाई. लई झकास वाळतंय बघ."

शिवकुमारला कुठं तोंड लपवावं कळेना. अप्पांनी एक कुरडई उचलून उन्हात धरली. बाजारात सगळ्यांवर दरारा असलेल्या अप्पांचा आवाज एकदम हळवा झाला.

"आमच्या बायका पॅनेल बसवू देत न्हाईत ते याच्यासाठीच रे. वाळवणाची जागा जाती म्हणून. मिटलं की भांडण! रिजवान, आमच्याकडं उद्याच बसव."

"माझ्याकडं बी," मागून तिघं ओरडले.

"अहो पण अप्पा," शिवकुमार कळवळला, "असं झाकल्यावर वीज कशी..."

"आता बास! पटलं म्हणलं की बाबा आम्हाला."

मंडळी खुशीत खाली उतरली. नागम्मांनी काठी लेकाच्या हातात दिली आणि छत्री घेऊन त्या जेवायला गेल्या. शिवकुमार एक पाय उचलत, दुसरा टेकत कावळे हाकत राहिला. त्या दुपारचं चिमूटभरही ऊन वाया गेलं नाही. अर्धं कुरडयांत मुरलं, अर्धं त्याच्या टकलात.